‘त्याला काय कळतंय?’ : एका सोयीस्कर समजुतीचे खंडन

अपुऱ्या दिवसांचे बाळ अतिदक्षता विभागात असले की त्याच्याभोवती चार वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘एवढ्याशा जिवाला काय कळतंय?’ ‘रडलासुद्धा नाही, म्हणजे दुखलं नसणार.’ ‘मोठा झाल्यावर थोडंच आठवणार आहे?’ आणि सगळ्यांत वजनदार वाक्य शेवटी येते, ‘आधी जीव वाचू दे, दुखण्याचं नंतर बघू.’ बोलणारे कोणी निष्ठुर नसतात. आजी काळजीपोटी बोलते, सिस्टर दमून बोलतात, डॉक्टर घाईत बोलतात. पण चारही वाक्यांचा परिणाम एकच होतो. बाळाची वेदना हिशेबातून बाद होते आणि टोचणे बिनबोभाट चालू राहते.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडला की खंडन फार सोपे होते. म्हणून आधी त्याची बाजू पुरती मांडू. नवजात बाळाला वेदना नसतात हे मत कोणा अडाण्याने काढलेले नव्हते, ते प्रयोगशाळेतून आले होते. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ पॉल फ्लेक्सिग यांनी दाखवले की मज्जातंतूंवरचे मायलिनचे वेष्टण जन्माच्या वेळी अपुरे असते. त्यावरून तर्क निघाला की तारच अर्धवट, तर निरोप पोचणार कसा? १९४१ साली अमेरिकेत मर्टल मॅकग्रॉ यांनी लहान मुलांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत प्रतिसाद मंद आणि अस्पष्ट दिसला. मेंदूचा वरचा थर अजून कामाला लागलेला नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. त्यात एक खरी भीतीही होती. भूल आणि मॉर्फिन यांनी अशक्त बाळाचा श्वास थांबू शकतो. दुखणे असेलच याची खात्री नाही आणि औषधाचा धोका मात्र पक्का, असे असताना औषध न देणे हाच शहाणपणा वाटला तर नवल नाही.

या शहाणपणाने काय केले ते पाहू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कमी दिवसांच्या बाळांच्या अनेक शस्त्रक्रिया नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारेसारख्या औषधावर होत. क्युरारे स्नायू लुळे पाडते, जाणीव घालवत नाही. बाळ हलू शकत नाही, रडू शकत नाही, आणि टेबलाभोवतीच्या सगळ्यांना ते शांत दिसते. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया केवळ स्नायू लुळे पाडणाऱ्या औषधावर झाली. पुढे बाळ दगावले. आईला हे नंतर कळले आणि तिने जाब विचारला. त्या एका आईने प्रश्न वर्तमानपत्रात नेला नसता, तर वैद्यकविश्वाला जाग यायला आणखी किती वर्षे लागली असती कोण जाणे.

त्याच सुमारास ऑक्सफर्डमध्ये इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून गेलेले एक तरुण डॉक्टर, कंवलजीत सिंग आनंद, वेगळ्या वाटेने याच प्रश्नापाशी पोचले होते. शस्त्रक्रियेहून परत येणारी बाळे इतकी खचून का येतात, हे त्यांना खटकत होते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६ बाळांवर रीतसर चाचणी घेतली. आठांना नेहमीचे नायट्रस ऑक्साइड आणि क्युरारे मिळाले. उरलेल्या आठांना त्याच्या जोडीला फेंटानिल हे जोरकस वेदनाशामक मिळाले. १९८७ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाच्या संप्रेरकांचा भडका उडाला होता आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यातच अधिक होत्या. पुढे १९९२ मध्ये आनंद आणि हिकी यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या ४५ नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलकी भूल मिळालेल्या १५ पैकी ४ बाळे दगावली, तर खोल भूल मिळालेल्या ३० पैकी एकही नाही. संख्या लहान आहे हे मान्य. पण ‘औषध धोक्याचे, वेदना निरुपद्रवी’ हे समीकरण मात्र तिथे उलटे झाले. वेदना स्वतःच एक धोका आहे, हे आकड्यांत दिसले.

मायलिनचा युक्तिवाद तर मुळातच लंगडा होता. मोठ्या माणसाच्या शरीरातही वेदनेचा बराचसा निरोप मायलिन नसलेल्या किंवा अगदी पातळ वेष्टणाच्या तंतूंतूनच जातो. वेष्टण नाही म्हणून निरोप सावकाश जातो, एवढेच. आणि हातभर लांबीच्या बाळात त्याला जायचे तरी किती असते? खरा फरक दुसरीकडे आहे, आणि तो पूर्वपक्षाच्या विरुद्ध जातो. मोठ्या माणसाच्या मेंदूतून खाली पाठीच्या कण्याकडे येणारे काही मार्ग वेदनेचा निरोप दाबून धरतात. कमी दिवसांच्या बाळात हे मार्ग अजून तयार झालेले नसतात. वेदना वर नेणारी वाट खुली आणि तिला आवर घालणारे दार अजून बसवलेलेच नाही, अशी त्याची अवस्था असते. लंडनमध्ये मारिया फिट्झगेराल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले की वारंवार टोचलेली टाच हळवी होते आणि तिथे हलका स्पर्शही बाळ सहन करत नाही. भूल देणारे मलम लावले की हा हळवेपणा ओसरतो. २०१५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी नवजात बाळांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण केले, तेव्हा प्रौढांत वेदनेच्या वेळी जागे होणाऱ्या २० भागांपैकी १८ भाग बाळांतही जागे झालेले दिसले, तेही प्रौढांपेक्षा कितीतरी हलक्या टोचणीने. तेव्हा ‘कळत नाही’ या मताची वासलात लागली. बाळाला कळते, आणि बहुधा आपल्यापेक्षा जास्तच कळते.

आता दुसरे वाक्य, ‘रडला नाही, म्हणजे दुखलं नाही’. त्यासाठी काचपेटीजवळ जाऊन टाच टोचण्याचा साधा प्रकार नीट पाहायला हवा. बाळाचे पाऊल मोठ्या माणसाच्या अंगठ्याएवढे. सिस्टर घोटा धरतात, स्पिरिटचा बोळा फिरवतात, टाचेच्या बाहेरच्या कडेला टोचतात. पहिला थेंब पुसून टाकतात. रक्त पुरेसे येत नाही म्हणून टाच दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. टोचणे क्षणाचे असते, दाबणे मिनिटभर चालते, आणि बाळाला अधिक सोसावे लागते ते या दाबण्यात. तेवढ्या वेळात बाळाच्या चेहऱ्याकडे पाहिले तर भुवयांमध्ये फुगवटा येतो, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठांकडे जाणारी घडी खोल होते. मॉनिटरवर हृदयाचे ठोके वाढतात, ऑक्सिजनचा आकडा खाली येतो. श्वासनलिकेत नळी असलेले बाळ तर रडूच शकत नाही. कारण नळी स्वरतंतूंच्या मधून गेलेली असते. फार कमी दिवसांचे किंवा फार दमलेले बाळ चेहराही फारसा हलवत नाही, ते गळून पडून राहते.

म्हणूनच १९९६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी तयार केलेल्या ‘पिप’ या मोजपट्टीत रडण्याला एकही गुण नाही. चेहऱ्याच्या वर सांगितलेल्या तीन खुणा, हृदयाचे ठोके, ऑक्सिजन, बाळ झोपेत होते की जागे, आणि गर्भाचे वय, अशा सात गोष्टींवर ती वेदना मोजते. त्यातही बाळ जितके कमी दिवसांचे, तितके त्याला अधिक गुण आधीच दिले जातात. अशक्त बाळाचा प्रतिसाद क्षीण असला तरी वेदना क्षीण नसते, हे मोजपट्टीच्या रचनेतच गृहीत धरलेले आहे. शांतता हा वेदना नसल्याचा पुरावा मानायचा, तर क्युरारे दिलेली बाळे जगातली सर्वांत सुखी बाळे ठरतील.

तिसरे वाक्य, ‘विसरेल’. आपल्याकडे याला एक घरचा दाखलाही दिला जातो. बारशाच्या सुमारास कान टोचतात, बाळ किंचाळते, आणि पुढे कुणाला ते आठवते? दाखला चांगला आहे, पण तो उलट बाजूने साक्ष देतो. कान टोचले जातात पूर्ण दिवसांच्या, धडधाकट बाळाचे, आयुष्यात एकदा, घरच्यांच्या मांडीवर. टोचून झाल्याबरोबर आई त्याला पदराखाली घेते. वेदनेवरचा उतारा काय, हे आपल्या आज्यांना चांगलेच ठाऊक होते. काचपेटीतल्या बाळाच्या वाट्याला यातले काही येत नाही. २००८ मध्ये कार्बाजाल आणि सहकाऱ्यांनी पॅरिस परिसरातील अतिदक्षता विभागांतल्या ४३० बाळांची पहिल्या चौदा दिवसांतली नोंद प्रसिद्ध केली. वेदना देणाऱ्या क्रियांचा मध्यांक दिवसाला १० होता. एकूण ४२,४१३ वेदनादायक क्रियांपैकी सुमारे ७९ टक्के क्रियांपूर्वी त्यांच्यासाठी म्हणून कोणताही वेदनाशामक उपाय झालेला नव्हता. हे पॅरिसचे चित्र आहे, तेही आनंद यांच्या निबंधानंतर वीस वर्षांनी. कान टोचण्याची बरोबरी याच्याशी कशी होणार?

आणि विसरणे म्हणजे तरी काय? तोंडाने सांगता येईल अशी आठवण उरत नाही, हे खरे. पण शरीर शिकते. ॲना टॅडिओ यांनी कॅनडात १९९७ मध्ये दाखवले की भूल न देता सुंता केलेली मुले चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा जास्त कळवळतात. २००२ च्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासातली बाळे मधुमेही आयांची होती. रक्तातली साखर पाहण्यासाठी त्यांच्या टाचा जन्मापासून वारंवार टोचल्या गेल्या होत्या. पुढे त्यांच्या शिरेतून रक्त घ्यायची वेळ आली, तेव्हा सुई लागण्याआधी, नुसता बोळा फिरवतानाच त्यांचे चेहरे आक्रसू लागले. जन्माला येऊन दीड-दोन दिवस झालेले बाळ स्पिरिटच्या बोळ्यानंतर काय येते हे शिकलेले असते. याला विसरणे म्हणत नाहीत.

व्हँकुव्हरमधील रूथ ग्रुनाऊ यांच्या गटाने २०१२ मध्ये २४ ते ३२ आठवड्यांत जन्मलेल्या ८६ बाळांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना अधिक वेळा टोचले गेले, त्यांच्या मेंदूतील पांढऱ्या द्रव्याची आणि आतल्या भागांची वाढ मागे पडलेली दिसली. इथे शंका रास्त आहे. जे बाळ जास्त आजारी, त्यालाच जास्त टोचतात, मग दोष आजाराचा की टोचण्याचा? संशोधकांनी आजाराची तीव्रता, जंतुसंसर्ग यांचा हिशेब गणितात धरला आणि तरीही संबंध टिकला. निरीक्षणातून आलेला पुरावा आहे, तो अंतिम मानू नये. पण ‘काही होत नाही’ असे ठामपणे म्हणायला आता जागा उरलेली नाही.

चौथे वाक्य सर्वांत जड आहे, कारण त्यात सत्याचा मोठा अंश आहे. जिवावरचे बोटावर निभावत असेल तर बोटाचे दुखणे कोण मोजत बसेल? शिवाय औषधांनी वेदना दाबण्याचे प्रयत्न फसलेही आहेत. २००४ च्या ‘निओपेन’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या ८९८ बाळांपैकी एका गटाला मॉर्फिन सतत दिले गेले. मेंदूतला रक्तस्राव किंवा मृत्यू त्याने कमी झाले नाहीत, आणि काही बाळांचा रक्तदाब घसरला. २०१८ मध्ये ‘पॉपी’ ही ऑक्सफर्डची चाचणी आली. डोळ्यांच्या पडद्याच्या तपासणीपूर्वी तोंडाने मॉर्फिन देऊन वेदना कमी होते का, हे त्यात पाहायचे होते. बाळांचा श्वास बिघडू लागला आणि ३१ बाळांनंतर ती थांबवावी लागली. साखरेच्या पाण्याचे दोन थेंब चेहऱ्यावरच्या खुणा कमी करतात, हे अनेक चाचण्यांनी सिद्ध केले. पण २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच आलेल्या अभ्यासात मेंदूत पोचणारा वेदनेचा संकेत साखरेने कमी झाल्याचे दिसले नाही. तेव्हा पूर्वपक्ष म्हणू शकतो की बघा, उपाय एकतर रोगापेक्षा भयंकर, नाहीतर लटका, मग सोसण्यावाचून गत्यंतर काय?

इथे पूर्वपक्ष एक उडी मारतो आणि ती आपल्या लक्षात येत नाही. ‘औषधाने वेदना सुरक्षितपणे जात नाही’ यावरून ‘वेदना अटळ आहे’ हे सिद्ध होत नाही. कारण वेदनेचा उगम आपल्याच हातात आहे. मोठ्या शस्त्रक्रियेला भूल हवीच, तो वाद १९८७ मध्ये संपला. व्हेंटिलेटरची नळी घाईची वेळ नसताना घालायची, तर त्याआधी औषध द्यावे हेही आता सर्वमान्य आहे. उरतात त्या रोजच्या बारीकसारीक गोष्टी, टाच टोचणे, सुई लावणे, सक्शन, चिकटपट्टी काढणे. दिवसाचा दहाचा आकडा यांनीच भरतो. यांतल्या कितींनी जीव वाचतो? सकाळी साखरेसाठी टाच, दुपारी काविळीसाठी टाच, रात्री ‘रूटीन’ म्हणून टाच. तीनही नमुने एका वेळी घेता आले असते, आणि तिसरा कदाचित लागलाच नसता. काविळीचा अंदाज त्वचेवर यंत्र टेकवून पुष्कळदा येतो. जास्त रक्त हवे असेल तर सराईत हाताने शिरेतून घेतलेले रक्त टाच पिळण्यापेक्षा कमी दुखते, हे पूर्ण दिवसांच्या बाळांवरच्या चाचण्यांनी दाखवले आहे. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१६ च्या धोरणात प्रत्येक विभागाने वेदना टाळण्याची लेखी पद्धत ठेवावी असे सांगितले, आणि टोचण्याची संख्याच कमी करावी यावर भर दिला. सर्वांत स्वस्त वेदनाशामक म्हणजे न टोचलेली सुई.

जे टाळता येत नाही त्यावरही उपाय आहेत आणि ते औषधाच्या बाटलीत नाहीत. टोचताना दुसऱ्या माणसाने बाळाचे हातपाय पोटाशी घेऊन, एक तळवा डोक्यावर आणि एक पायांवर ठेवून त्याला गोळा करून धरले, तर ठोके लवकर ताळ्यावर येतात. आईच्या उघड्या छातीवर उघडे बाळ ठेवणे, ज्याला रुग्णालयांत ‘कांगारू’ म्हणतात, त्याचा उपयोग २८ ते ३१ आठवड्यांच्या बाळांतही होतो, हे सेलेस्ट जॉन्स्टन यांनी २००८ मध्ये दाखवले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून २०१३ मध्ये आलेला अभ्यास तर मला विशेष मोलाचा वाटतो, कारण त्याने फार क्षुल्लक समजली जाणारी वेदना अभ्यासाला घेतली. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाच्या अंगावरची चिकटपट्टी काढणे ही ती वेदना. त्या कागदासारख्या त्वचेवरून पट्टी निघताना काय होत असेल याचा विचार फार थोडे जण करतात. एका गटाला कांगारू दिले, दुसऱ्याला आईचे काढलेले दूध. दोन्ही उपाय सारखेच परिणामकारक ठरले. म्हणजे ज्या वस्तूंना पैसे पडत नाहीत, त्याच इथे कामी आल्या.

यावर शेवटचा आक्षेप येतो, आणि तो खास आपल्याकडचा आहे. ‘परदेशात ठीक आहे. आमच्याकडे एका सिस्टरकडे किती बाळं, आणि आई आत आली की जंतू आत येतात.’ पण कांगारूचा जन्म श्रीमंतीत झालेला नाही. १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटाच्या सरकारी प्रसूतिगृहात एडगर रे यांनी ते सुरू केले, कारण काचपेट्या कमी होत्या आणि एकाच पेटीत अनेक बाळे ठेवल्याने संसर्ग पसरत होता. जंतूंच्या भीतीला २०२१ मध्ये सणसणीत उत्तर मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर चाचणी झाली. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. जन्मानंतर लगेच, प्रकृती स्थिर होण्याची वाट न बघता, बाळाला आईच्या छातीवर ठेवले आणि आईची खाट अतिदक्षता विभागातच टाकली. २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. जंतुसंसर्गाचा संशय यावा अशी बाळेही कमी झाली, वाढली नाहीत. नियंत्रण गटाच्या बाळांना या उपायापासून वंचित ठेवणे योग्य नाही म्हणून चाचणी मुदतीआधी थांबवली गेली.

‘आधी जीव, मग दुखणे’ हे वाक्य इथे निकालात निघते. वेदना आणि ताण हलका करणारा जो उपाय आहे, तोच जीवही वाचवतो. मग आधी काय आणि नंतर काय ही वाटणीच खोटी ठरते. आपल्याकडे पायाही आहे. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी उभी केली, महापालिकेच्या गर्दीच्या रुग्णालयात. आईवडिलांना नवजात कक्षात घेऊन काळजीत सहभागी करण्याची मार्गदर्शिका केंद्र सरकारने २०१७ मध्ये काढली, आणि तिचा प्रयोगही दिल्लीच्या सरकारी रुग्णालयातच आधी झाला होता. जिथे हात कमी आहेत, तिथे बाळाला धरून बसणारी आई ही अडचण नसून जास्तीचे दोन हात आहेत.

तर मंडन असे आहे. २०२० मध्ये भारतात अंदाजे ३० लाख बाळे अपुऱ्या दिवसांची जन्मली, जगातल्या एकूण अशा बाळांपैकी वीस टक्क्यांहून अधिक. त्यांच्यासाठी नवे यंत्र मागण्याआधी चार गोष्टी कोणत्याही जिल्हा रुग्णालयात होऊ शकतात. तापमान आणि नाडीबरोबर वेदनेची नोंद तक्त्यावर व्हावी. दिवसाला किती वेळा टोचले याचा आकडा राऊंडला वाचून दाखवला जावा. टोचण्याआधी दूध, साखरेचे थेंब, गोळा करून धरणे किंवा कांगारू यांतले काय दिले, हे लिहिले जावे. आणि आईला भेटीची वेळ नसावी, खाट असावी.

आजवर पुराव्याचे ओझे बाळाच्या बाजूने बोलणाऱ्यांवर होते. बाळाला दुखते हे आधी सिद्ध करा, मग बघू, असा रिवाज होता. ते सिद्ध होऊनही आता बरीच वर्षे झाली. यापुढे ते ओझे सुई हातात घेणाऱ्याने उचलावे. ही तपासणी हवीच का, आजच का, दुसऱ्या तपासणीबरोबर का नाही, आणि टोचण्याआधी बाळाला काय दिले, या प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडे असायला हवीत. ती नसतील, तर ती सुई उपचारासाठी नाही, सवयीने टोचली जात आहे, असे समजायला हरकत नाही.